संशयाला प्रमाण हवं

डिसेंबर 2021 मध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावाचं नाव जगभर गेलं. माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर आणि घरांच्या छतांवर नेत होती, त्यांतली काही पिल्लं वरून पडून मेली, गावात घबराट होती आणि अखेर वन विभागाच्या पथकाने दोन माकडं पकडली. एवढी गोष्ट पक्की. जगाने ऐकली ती मात्र याहून कितीतरी मोठी. कुत्र्यांनी माकडाचं पिल्लू मारलं म्हणून माकडांनी सूड घेतला आणि अडीचशे कुत्री मारून टाकली, अशी ती गोष्ट होती. अडीचशे हा आकडा वाहिन्यांवरून परदेशी वर्तमानपत्रांत गेला आणि तिथून दुप्पट जोमाने आपल्याच मोबाइलवर परत आला. मोजणी कुणी केली, किती दिवसांत केली, मेलेली पिल्लं कुणी पाहिली, हे विचारायला फार थोडे थांबले. माकडं पिल्लांना अंगाशी धरून उंचावर नेतात, तिथे अन्नपाण्यावाचून किंवा खाली पडून ती मरतात, यात सूड शोधण्याचं कारण नाही, असं प्राण्यांच्या जाणकारांनी सांगून पाहिलं. ते सांगणं सुडाच्या गोष्टीइतकं धावलं नाही.

त्याच बीड जिल्ह्यातली, दोन वर्षं आधीची दुसरी गोष्ट. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जात आहेत, अशा बातम्या 2019 साली आल्या. पाळीच्या दिवसांत काम बुडलं की खाडा लागतो, उचल फिटत नाही, फडावर ना आडोसा ना पाणी. त्यात अंगावरून जाण्याची किंवा पोटदुखीची तक्रार घेऊन दवाखान्यात गेलं की 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' अशी भीती घातली जाते, असं बायका सांगत होत्या. बाहेरच्या माणसाला हेही रचलेलं वाटावं इतकं ते भयंकर होतं. पण इथे मोजणी झाली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली आणि आरोग्य यंत्रणेने जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण केलं. त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. साधारण दर सहा जणींमागे एक. त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात, असं मला फार वाटतं. दोन्ही कानावर पडल्या तेव्हा सारख्याच अविश्वसनीय होत्या. एकीत गंमत होती, म्हणून ती न मोजताच पळाली. दुसरीत बायकांचं दुखणं होतं, ते वर्षानुवर्षं गावातच राहिलं आणि मोजल्यावरच बाहेर आलं. संशय घेणं वाईट असतं, तर ऊसतोड महिलांच्या बाजूने उभं राहिलेल्या कार्यकर्त्यांनाही आपण कटकारस्थानवाले म्हटलं असतं. बलवान माणसं संगनमताने गरिबाला नाडतात, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. म्हणूनच संशय घ्यायचा कसा आणि घेतल्यावर पुढे काय करायचं, हा प्रश्न आपल्यासाठी जिवंत आहे. या पुस्तिकेचा विषय तोच आहे.

पुढच्या पानांत 'नॉलेज फाइट' या अमेरिकी पॉडकास्टच्या निवडक भागांची मराठी टिपणं आहेत. आपल्या भागातल्या काही तरुण श्रोत्यांनी ती तयार केली आणि प्रस्तावनेचं काम माझ्याकडे दिलं. इतक्या दूरच्या कार्यक्रमाची शिफारस बीडमध्ये बसून का करावी, याचं उत्तर देणं हे या प्रस्तावनेचं काम.

शिकागोच्या विनोदी रंगमंचावरून आलेल्या डॅन फ्रीसेन आणि जॉर्डन होम्स या दोघांनी जानेवारी 2017 मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. हजाराहून अधिक भाग झाले आणि त्यांतले बहुतेक सगळे एकाच माणसाबद्दल आहेत. तो माणूस म्हणजे ॲलेक्स जोन्स, टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरातून 'इन्फोवॉर्स' चालवणारा निवेदक. डॅन त्याचा कार्यक्रम पूर्ण ऐकतो, कधी कालचा तर कधी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा. जॉर्डनने तो ऐकलेला नसतो. डॅन एक तुकडा वाजवतो, थांबवतो आणि विचारतो, याने आत्ता काय म्हटलं? कोणत्या लेखाचा हवाला दिला? मग तो लेख उघडून वाचतो. बहुतेक वेळा असं दिसतं की जोन्सने फक्त मथळा वाचलेला आहे आणि आतला मजकूर त्याच्या म्हणण्याच्या उलट आहे. आधीच्या वर्षी हाच माणूस याच विषयावर काय बोलला होता, तेही डॅनजवळ असतं. जॉर्डन आपल्यासारखा पहिल्यांदा ऐकतो, चिडतो, गोंधळतो, प्रश्न विचारतो. या जोडीमुळे ऐकणाऱ्याला शिकवणी घेतल्यासारखं वाटत नाही, आणि शिकणं मात्र होतं.

एकेक भाग दोन-दोन तासांचा असतो. ज्या जिल्ह्यात गावोगाव हरिनाम सप्ताह बसतात आणि रात्री उशिरापर्यंत कीर्तन ऐकलं जातं, तिथे ही लांबी अडचणीची ठरू नये. उलट कीर्तन ऐकणाऱ्याला या कार्यक्रमाची घडण लवकर उमगेल. कीर्तनकार एक चरण घेतो, थांबतो, त्याचा अर्थ उलगडतो आणि आपल्या प्रत्येक म्हणण्याला संतवचनाचं प्रमाण देतो. प्रमाण चुकलं तर जाणता टाळकरी मान हलवत नाही. जोन्स दिवसाचे तीन-चार तास प्रमाणाशिवाय बोलतो. डॅन त्याच्या प्रत्येक चरणावर थांबून प्रमाण मागतो.

हे सगळं एका बडबड्या माणसासाठी कशाला, असा प्रश्न पडेल. उत्तर 14 डिसेंबर 2012 च्या घटनेत आहे. त्या दिवशी कनेटिकट राज्यातल्या न्यूटाउन गावच्या सँडी हूक प्राथमिक शाळेत एका तरुणाने गोळीबार करून 20 लहान मुलं आणि 6 मोठी माणसं मारली. मुलं सहा-सात वर्षांची होती. जोन्सने आपल्या श्रोत्यांना सांगितलं की हे घडलंच नाही, लोकांच्या बंदुका काढून घेण्यासाठी सरकारने रचलेलं ते नाटक आहे आणि रडणारे आईबाप हे भाड्याचे नट आहेत. हे त्याने वर्षानुवर्षं वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. ज्यांनी पोटचं लेकरू पुरलं होतं, त्यांना फोनवर शिव्या आणि धमक्या येऊ लागल्या. आपलं मूल कधी जन्मलंच नव्हतं, असं अनोळखी माणसं त्यांना सुनावू लागली. लेनी पोझ्नर या बापाला सहा वर्षांचा मुलगा गेल्यानंतर पुन्हा पुन्हा घर बदलावं लागलं. त्यांना ठार मारण्याची धमकी देणाऱ्या फ्लोरिडातल्या एका बाईला 2017 मध्ये तुरुंगवास झाला.

2018 मध्ये कुटुंबं न्यायालयात गेली. ऑगस्ट 2022 मध्ये टेक्सासच्या ज्यूरीने एका मुलाच्या आईवडिलांना सुमारे 4.9 कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितली. त्याच खटल्यात साक्ष देताना, ही घटना शंभर टक्के खरी आहे, असं जोन्सला शपथेवर मान्य करावं लागलं. ऑक्टोबर 2022 मध्ये कनेटिकटच्या ज्यूरीने आठ कुटुंबं आणि एका एफबीआय अधिकाऱ्यासाठी 96.5 कोटी डॉलर ठरवले. पुढच्या महिन्यात न्यायाधीशांनी त्यात 47.3 कोटींची दंडात्मक भर घातली. जोन्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, अपिलात रकमेचा काही भाग कमी झाला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचं अपील ऐकायलाही नकार दिला.

या लढाईत 'नॉलेज फाइट'चा वाटा आहे, आणि माझ्या शिफारशीचं सर्वांत मोठं कारणही तेच. जोन्स नेमका केव्हा, कोणत्या कार्यक्रमात, काय बोलला, हे डॅनइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने जोन्सचे हजारो तास ऐकून ठेवले होते. टेक्सासमधल्या कुटुंबांचे वकील मार्क बॅन्कस्टन यांनी त्याच्या या माहितीची मदत घेतली आणि ते स्वतः या कार्यक्रमात येऊन बोललेही. एका खोलीत बसून चिकाटीने केलेलं ऐकणं आणि नोंदणं लेकरं गमावलेल्या आईबापांच्या कामी आलं. खोट्याविरुद्ध आरडाओरडा करणारे पुष्कळ असतात. ते ओळीने ऐकून, तारखेनिशी लिहून ठेवणारा विरळा असतो, आणि न्यायालयात उभं राहताना त्याचीच वही लागते.

आता या कार्यक्रमातून आपण काय उचलायचं, ते सांगतो. टिपणं वाचताना चार गोष्टींवर लक्ष ठेवावं.

पहिली, मथळ्याची. असा वक्ता क्वचितच पूर्ण खोटं बोलतो. तो खरी बातमी हातात घेतो, मथळा मोठ्याने वाचतो आणि पुढचं स्वतःच्या मनाने जोडतो. बातमी खरी म्हणून जोडलेलं शेपूटही खरं वाटतं. आपल्याकडे वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो आणि त्याखाली दोन ओळींचा मजकूर फिरतो, त्याची रीत हीच.

दुसरी, प्रश्नाच्या आडोशाची. 'मी काही म्हणत नाही, फक्त विचारतोय' असं म्हणून आरोप केला जातो. हरकत घेतली की तो प्रश्न ठरतो, टाळ्या पडल्या की तो शोध ठरतो. खरा प्रश्न विचारणारा उत्तराची वाट पाहतो आणि उत्तर मिळाल्यावर थांबतो. जोन्सला उत्तरं मिळत गेली आणि तो तेच विचारत राहिला.

तिसरी, विसरलेल्या भाकितांची. लवकरच युद्ध होणार, नोटा बंद होणार, लष्कर रस्त्यावर येणार, अशी भाकितं रोज होतात. एखादं चुकून जुळलं की वर्षभर मिरवलं जातं, न जुळलेल्या शेकड्यांचा हिशोब कुणी मागत नाही. डॅन तो मागतो. जुने भाग काढून तो त्या त्या तारखेचं भाकीत पुन्हा वाजवतो.

चौथी, दुकानाची. भीती आणि विक्री यांच्यात फार अंतर नसतं. पाण्यात विष आहे, अन्नात विष आहे, डॉक्टर विकले गेले आहेत, असं सांगून झालं की जोन्स त्याच बैठकीत स्वतःच्या दुकानातल्या गोळ्या, पुड्या आणि साठवणीचं अन्न विकतो. 2022 च्या खटल्यात कुटुंबांच्या बाजूने साक्ष देणाऱ्या अर्थतज्ज्ञाने जोन्स आणि त्याच्या कंपनीची किंमत 13.5 कोटी ते 27 कोटी डॉलरच्या दरम्यान सांगितली. कुणी आपल्याला घाबरवलं की त्यानंतर तो काय विकतो याकडे पाहावं. तो औषध विकेल, वर्गणी विकेल, मत मागेल, नुसतं चॅनल सबस्क्राइब करायला सांगेल.

हा रोग अमेरिकेचा आहे, असं समजून कुणी निर्धास्त राहू नये. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसं होती, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्याआधी कित्येक दिवस फिरत होते. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीचा होता. शेवटचा, संदेशाचा भाग कापून तो खऱ्या अपहरणाचा म्हणून पसरवला होता. दोन मिनिटं थांबून मूळ शोधणारा एकेक माणूस प्रत्येक गावात असता, तर कदाचित ते पाच जण आपल्या पालावर परत गेले असते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. यंत्राने घातलेली मर्यादा माणसाच्या विवेकाची जागा घेऊ शकत नाही.

दुसरं उदाहरण आपल्याच खंडपीठाचं. कोविडच्या सुरुवातीला, 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये, दिल्लीच्या मरकजला आलेल्या तबलिगी जमातच्या लोकांनी रोग मुद्दाम पसरवला, हा कट आहे, असं कित्येक निवेदक रोज संध्याकाळी ओरडून सांगत होते. अहमदनगर जिल्ह्यात 29 परदेशी नागरिकांवर गुन्हे दाखल झाले. बीड जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी ते गुन्हे रद्द केले. न्या. टी. व्ही. नलावडे यांनी लिहिलेल्या निकालपत्रात छापील आणि दूरचित्रवाणी माध्यमांनी या लोकांविरुद्ध मोठा प्रचार केल्याचं नोंदवलं आहे आणि संकटाच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो, असंही म्हटलं आहे. निकाल आला तोवर गावागावांत भाजीवाल्याचं नाव विचारून भाजी घेणं सुरू होऊन गेलं होतं. ज्यांनी पडद्यावरून कट सांगितला, त्यांतल्या फार थोड्यांनी निकाल तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगितला.

न्यायालयाच्या निकालाने गोष्ट मरत नाही, हेही आपल्याला जुनंच आहे. ताजमहाल हे मुळात शिवमंदिर होतं, असं पु. ना. ओक यांनी पुस्तकांमागून पुस्तकांत मांडलं. त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली फेटाळली. 2017 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने आग्र्याच्या न्यायालयात ती कबरच असल्याचं सांगितलं. तरी ते कथन आजही नव्या मुलांच्या मोबाइलवर नव्या शोधासारखं येतं. जोन्सही एवढ्या मोठ्या निकालानंतर बोलतच राहिला. म्हणून एकदा खोडून भागत नाही. ऐकणाऱ्याचा कान तयार व्हावा लागतो.

महाराष्ट्रात हे काम नवं नाही. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि गावोगाव हिंडून बुवांचे चमत्कार लोकांसमोर करून दाखवले, त्यामागची हातचलाखी उलगडली. श्रद्धा असलेल्या माणसाला ते हिणवत नसत, त्याच्या फसवणुकीवर बोट ठेवत. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. आज बुवा मठात बसलेला असेलच असं नाही. तो मोबाइलच्या पडद्यावर आहे आणि त्याचा अंगारा म्हणजे त्याची रोजची बातमी आहे. दाभोलकरांच्या परंपरेतल्या माणसाला या नव्या बुवाची हातचलाखी शिकावी लागेल. त्यासाठी 'नॉलेज फाइट'सारखी सविस्तर शाळा माझ्या ऐकण्यात दुसरी नाही. एकाच वक्त्यामागे वर्षानुवर्षं बसून, त्याचा शब्द न् शब्द तपासणारा कार्यक्रम मराठीत व्हायला हवा. ही पुस्तिका त्याची पूर्वतयारी ठरली, तर तिचं सार्थक होईल.

शिफारस करताना उणिवाही सांगायला हव्यात. दोघांच्या तोंडी शिव्या फार आहेत, त्यामुळे घरात सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात लावण्यासारखा हा कार्यक्रम नाही. अमेरिकेतल्या राजकारणाचे, दूरदर्शन मालिकांचे, कुस्तीपटूंचे उल्लेख पदोपदी येतात. जुन्या श्रोत्यांच्या ओळखीच्या थट्टा नव्याला कळत नाहीत. बोलण्याचा वेगही आपल्या कानाला जास्त आहे. म्हणून टिपणांत प्रत्येक संदर्भ थोडक्यात उलगडला आहे आणि भागांचा क्रमही मुद्दाम लावला आहे. सुरुवात जोन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या शपथेवरच्या जबान्यांवरचे भाग ऐकून करावी. 'फॉर्म्युलेइक ऑब्जेक्शन्स' या नावाची ती मालिका आहे. रोज माइकसमोर गर्जणारा माणूस वकिलाच्या साध्या प्रश्नापुढे कसा अडखळतो, पुरावा कुठला म्हटल्यावर त्याच्याकडून काय निघतं, हे तिथे त्याच्याच आवाजात ऐकायला मिळतं. त्यानंतर डिसेंबर 2012 मधल्या त्याच्या कार्यक्रमांवरचे भाग घ्यावेत. खोटं पहिल्या दिवशी केवढं असतं आणि दिवसागणिक कसं फुगत जातं, ते त्यातून समजतं.

आणखी एक गोष्ट टिपणं करणाऱ्यांनी जपली आहे, तिचं मला कौतुक वाटतं. जोन्सचं ऐकणाऱ्या सामान्य माणसाची त्यांनी कुठेही टिंगल केलेली नाही. ज्याची नोकरी गेली, ज्याच्या शेतमालाला भाव नाही, ज्याला कुठलंच कार्यालय धड उत्तर देत नाही, त्याला कुणीतरी येऊन 'तुझ्या दुःखामागे हा अमुक शत्रू आहे' असं सांगितलं की बरं वाटतं. आपल्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमाराला कोयते बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. चार-पाच महिने फडावर काढणाऱ्या टोळीला बाहेरचं जग दिसतं ते मोबाइलवरच. त्यांचा संशय खोटा नाही, त्यांना नाडणारे खरेच आहेत. कट सांगणारा वक्ता त्या खऱ्या रागाला खोटा पत्ता देतो, आणि मुकादम, कारखाना, दवाखाना, सरकार हे खरे जाब देणारे सुटून जातात. मला या सगळ्यात सर्वांत जास्त राग याचा येतो.

वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. टिपणं वाचा, त्यातले भाग ऐका आणि मग स्वतःचा एक वक्ता निवडा. ज्याचा तुम्हाला राग येतो तो नको. ज्याचं तुम्ही रोज ऐकता, ज्याचं तुम्हाला पटतं, तो निवडा. महिनाभर वही घेऊन बसा. तो काय म्हणाला, कशाच्या आधारावर म्हणाला, मूळ बातमीत काय होतं, त्याचं भाकीत खरं झालं का आणि शेवटी त्याने काय विकलं, हे तारखेनिशी लिहा. जो या तपासणीत टिकेल त्याचं खुशाल ऐका. जो टिकणार नाही, त्याचा संदेश पुढे पाठवू नका, आणि तो ज्यांच्याकडून आला त्यांना आपली वही दाखवा.